तांबाकलेगीच्या कोळंबीचा पापुद्रा

विलुजेंगला आडनाव नव्हतं. आमच्या जावा बेटावर यात नवल काही नाही, निम्म्या लोकांना एकच नाव असतं. पण परदेशी संशोधनपत्रिकांना ते चालायचं नाही. नाव आणि आडनाव असे दोन्ही रकाने भरल्याशिवाय त्यांचं घोडं पुढे सरकत नसे. मग ती दोन्हीकडे तेच लिहायची. त्यामुळे पापुद्र्यांवर काम करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांत ती 'विलुजेंग विलुजेंग' म्हणूनच ठाऊक झाली. आमच्या भाषेत या शब्दाचा अर्थ सुखरूप. तिचे यजमान पुरवोको पाहुण्यांना सांगायचे, "माझी बायको दोनदा सुखरूप आहे. मला अजून एकदाही जमलेलं नाही."

सेमारंगच्या विद्यापीठात तिची खोली आणि माझी खोली यांच्यात एक भिंत. मी पृथक्करण शिकवते. एखाद्या वस्तूत काय काय आहे आणि किती आहे, हे शोधून सांगायचं, हा माझा धंदा. तिचा धंदा वस्तू बनवण्याचा. ती बनवायची, मी फोडून बघायचे. त्यावरून आमचं जुळलं आणि मग कामाशिवायही जुळलं.

ती रेम्बांगकडची, समुद्रकाठच्या गावातली. वडिलांचा जनरेटर होता. लग्न असो, मुलाची सुंता असो, बाहुल्यांचा खेळ असो, लोक तो भाड्याने न्यायचे आणि त्याच्याबरोबर वडिलांनाही न्यायचे, कारण तो दुसऱ्या कुणाचं ऐकायचा नाही. त्या धडधडीत वडिलांचे कान तिशीतच गेले. घरात सगळे ओरडून बोलत. "कॉलेजच्या वसतिगृहात गेले तेव्हा मुली मला विचारायच्या, तू एवढी भांडतेस का गं," असं ती सांगायची. "मला कळायचंच नाही. मी तर नुसतं मीठ मागत होते."

इंधनघटाविषयी तिने पहिल्यांदा वाचलं ते त्याच वर्षी. इंधन जाळायचं नाही, चाक फिरवायचं नाही, आवाज नाही की धूर नाही. एका बाजूने इंधन घालायचं, दुसऱ्या बाजूने हवा घ्यायची, आणि सरळ वीज निघते. ज्या मुलीच्या घरात विजेपायी माणूस बहिरा झाला, तिला हे वाचून काय वाटलं असेल ते मी सांगायला नको.

या घटाच्या पोटात एक पातळ पापुद्रा असतो आणि सगळं गणित त्याच्यावर. हायड्रोजनचा अगदी बारीक कण तेवढा त्याने पलीकडे सोडायचा, इंधनाला अडवायचं. विजेलाही अडवायचं, म्हणजे ती तारेतून वळसा घालून जाते आणि वाटेत आपला दिवा लावते. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती सांगायची, "लग्नाच्या मांडवाला मागून कनात असते ना, तसं. पोरं कनातीखालून सरपटत आत जातात. मोठ्यांना पुढच्या दारानं, आहेर घेऊन यावं लागतं. आपल्याला आहेराशी मतलब." मुलं हसायची आणि परीक्षेत तेच लिहायची.

पापुद्र्यांचं शिक्षण तिने जपानात घेतलं. तिथे ते तयार पापुद्रे वापरत, कारखान्यात बनलेले, फार महाग. परत आल्यावर इथे तो एक ताव मागवायचा म्हटलं तरी अर्जांवर अर्ज. तेव्हा तिने ठरवलं, की आपल्याकडे जे ढिगाने पडलंय त्यातूनच पापुद्रा काढायचा. आमच्या उत्तर किनाऱ्यावर ढिगाने काय पडलेलं असतं? कोळंबीची सालं.

सालं आम्लात धुतली की त्यांतला चुना जातो. क्षारात उकळली की मांस जातं. आणखी कडक क्षारात तापवली की पांढरी पूड उरते. ती व्हिनेगरसारख्या पातळ आम्लात विरघळवायची, काचेवर ओतायची आणि वाळवायची. काचेवरून सोलून निघतो तो पापुद्रा. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिली कित्येक वर्षं तिचा एकही पापुद्रा टिकला नाही. कोरडा असताना छान दिसायचा, पाण्यात टाकला की फुगून कृपुकसारखा, म्हणजे आमच्या कोळंबीच्या तळलेल्या पापडासारखा, वेडावाकडा व्हायचा आणि इंधन गळायला लागायचं. ती घरी उदास बसली की पुरवोको म्हणायचे, "कोळंबीचाच ना? मग तळून बघ एकदा. नाहीतरी फुगतोयच."

"तुमच्या पक्ष्यांना घालते."

"ते नाही खात असलं. त्यांना घराण्याचं लागतं."

पुरवोको बँकेतून लवकर निवृत्त झाले होते आणि होल्या-कवड्यांसारखे गाणारे पक्षी पाळायचे. संशोधनातलं त्यांना काही कळत नसे, आणि कळत नाही हे ते लपवत नसत. मला वाटतं, त्यामुळेच ती टिकून राहिली.

मग नानिंग आली. ही विलुजेंगची विद्यार्थिनी, डॉक्टरेटसाठी आलेली, अंगाने काटकुळी, बोलायला फटकळ. ती एके दिवशी तांबाकलेगीहून सालांची गोणी घेऊन आली. तांबाकलेगी म्हणजे शहराच्या पूर्वेला, खाडीलगतचं तळ्यांचं गाव. घरोघर कोळंबीची तळी, बांधावर खारफुटी. तिथल्या बू तुमिनाह (मानाच्या बाईला आम्ही बू म्हणतो) शीतगृहासाठी कोळंबी सोलायच्या आणि सालं बांबूच्या माचांवर वाळवून कोंबड्यांच्या खाद्यवाल्याला द्यायच्या. नानिंगच्या स्कूटरवरून ती गोणी आली तेव्हा आमच्या मजल्यावर असा वास सुटला, की विभागप्रमुख रुमाल नाकाला लावून विचारायला आले, कुणी मेलंय का.

त्या सालांचा पापुद्रा फुगला नाही.

मला आठवतं, तिने भिंतीवर बोटांनी वाजवलं. "एन्दांग, इकडे ये जरा." मी गेले. पाण्याच्या काचपात्रात मधाच्या रंगाचा एक ताव पडला होता, गुळगुळीत, सपाट. तिने चिमट्याने उचलून मला दाखवला आणि पुन्हा ठेवला.

"कधी टाकलास?"

"परवा."

"परवा?"

"अगं, मी सुट्टीत विसरून गेले होते."

तिने ते घाईने जाहीर केलं नाही. पुन्हा बनवला, पुन्हा तसाच आला. नानिंगने वेगळा बनवला, तोही आला. गावातून नवी गोणी आणली, तिचाही आला. मग घटात बसवून चालवायला घेतला. पावसाळा सरला, रमझान आला नि गेला, ईदच्या सुट्टीत सगळे गावी जाऊन परत आले, आणि तो आपला चालतच होता. मी माझ्या परीने त्या पुडीची राख केली, क्षार मोजले, धातू मोजले. वेगळं काही दिसलं नाही. तेव्हा आम्हाला त्याची काळजी वाटली नाही. चांगली गोष्ट चांगली का आहे, हे कोण खोदत बसतं? निबंध छापून आला. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं आली. मंत्रालयाने प्रदर्शन भरवलं, त्यात पाहुण्यांना आठवण म्हणून द्यायला एकेक पापुद्रा चौकटीत बसवून हवा असं वरून सांगणं आलं. विलुजेंगने दिले. चांगले मोठे मोठे ताव दिले.

तेवढ्यात समुद्र तांबाकलेगीत शिरायला लागला होता. आमच्या या किनाऱ्यावर जमीन खचते आणि भरतीचं पाणी चढतं. आम्ही त्याला रोब म्हणतो, आणि पाऊस नसताना रस्त्यात पाणी बघून कुणी दचकत नाही. आधी अमावास्या-पौर्णिमेला यायचं, मग रोज यायला लागलं. तळ्यांचे बांध फुटले. विजेचे खांब कलले, तेव्हा वीज कंपनीने धोका नको म्हणून तारा काढून घेतल्या. गावकऱ्यांनी जनरेटर आणला, तो खाऱ्या हवेने गंजला. विलुजेंगने ठरवलं, की आपला पहिला खराखुरा घट तिथेच बसवायचा, नमाजघरात. ज्यांच्या सालांतून निघालाय त्यांच्याकडेच उजेड पडू दे.

बसवला त्या दिवशी मीही गेले होते. अर्ध्या वाटेपर्यंत गाडी, पुढे फळ्यांच्या पुलावरून पायी. पेटी साधारण शिवणयंत्राएवढी. नानिंगने इंधन ओतलं, दिवे लागले, पंखा फिरला. लोक उभे राहून बघत होते. बू तुमिनाह पेटीला कान लावून बसल्या.

"बाई, हे चालू आहे का बंद?"

"चालू आहे ना. दिवे बघा की वर."

"दिवे दिसतात हो मला. पण हे काही बोलत नाही."

विलुजेंग एवढी हसली, की तिला खाली बसावं लागलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिला असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय. त्या दिवशी बू तुमिनाहच्या घरी आम्ही भात आणि नारळाच्या रसातली कोळंबी जेवलो. जमिनीवर भराव घालून घालून त्यांनी घराची जमीन एवढी उंच केली होती, की आत जाताना वाकावं लागायचं. "एकदा माझं डोकं छताला लागलं ना, की जाईन," त्या म्हणाल्या. "तोवर मी बुटकी आहे हे बरंच आहे."

घट वर्षभराहून अधिक चालला. मग दिवे मंद झाले. यात अनपेक्षित काही नव्हतं, पापुद्रा झिजतोच, बदलावा लागतो. विलुजेंगने नानिंगला सांगितलं, नवे ताव काढ. शिल्लक गोणी संपल्या होत्या, म्हणून नानिंग गावातून ताजी सालं घेऊन आली.

तो पापुद्रा फुगला.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, नानिंगचं काहीतरी चुकलं. विलुजेंगने स्वतः केला. फुगला. आम्ल बदललं, काचा बदलल्या, पाणी बदललं. एखादा ताव फुगला नाही तर तडकायचा. शेवटी नानिंग गावात जाऊन विचारून आली. तळी तर कधीच समुद्रात गेली होती. बू तुमिनाह अजून कोळंबी सोलायच्या, पण ती कोळंबी आता पूर्वेकडच्या मोठ्या शेतीतून ट्रकने यायची. तांबाकलेगीची कोळंबीच राहिली नव्हती.

"मग तीच जात दुसरीकडून आणू," विलुजेंग म्हणाली. तिने आणली. तुबानहून आणली, मदुरा बेटावरून आणली, सुलावेसीला माणूस पाठवून आणली. खाडीतली, शेतीतली, खारफुटीतली. नानिंग प्रत्येकीचा ताव काढायची आणि माझ्याकडे तुकडा द्यायची. मी मोजायचे. आकडे किंचित इकडे-तिकडे. त्यातून कळावं असं काही नाही. मी माझ्या धंद्यात पुष्कळ वर्षं काढली आहेत. मैत्रिणीने "यात काय आहे ते सांग" म्हणावं आणि मला सांगता येऊ नये, असं माझ्यावर तेव्हाच आलं.

एकदा ती मला घेऊन बू तुमिनाहकडे गेली. ओहोटी होती. त्या माचावर बसून सोलत होत्या, हात थांबले नाहीत.

"बू, त्या वेळी तुम्ही सालं कशी वाळवत होता?"

"उन्हात."

"त्याच्याआधी धूत होता?"

"धूत होते."

"कशानं?"

"पाण्यानं. कशानं धुतात?"

"तळ्यातल्या का विहिरीतल्या?"

बू तुमिनाहनी विचार केला. खरोखर मनापासून केला, ते दिसत होतं. "कधी तळ्यातल्या, कधी विहिरीतल्या. जे जवळ असेल ते. माझी सून असायची तेव्हा ती धुवायची, तिला विचारायला हवं. पण ती बाई फार आळशी होती, धुतच नसेल." मग त्यांनी विलुजेंगच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सूर बदलला. "बाई, मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? आम्ही काही खास केलं नाही हो. कोंबड्यांसाठीच तर होतं ते."

मग विलुजेंगने त्यांना स्वतःच्या घराच्या गच्चीवर आणलं. बांबूचे माच बांधले, गावातून चिखल आणला, जुन्या बांधावरच्या खारफुटीची पानं आणली. बू तुमिनाहनी आठवेल तसं सगळं केलं. आठ-दहा दिवस घरभर तो वास. पुरवोकोंनी पक्ष्यांचे पिंजरे शेजाऱ्याकडे हलवले. मग बू तुमिनाहबरोबर बसून सोलायला शिकले. तो ताव जेव्हा फुगला तेव्हा तळून बघ असं ते म्हणाले नाहीत. तेव्हा मला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

आता चांगल्या पापुद्र्याचा एकच अख्खा ताव उरला होता, तिच्या कपाटातला. तेव्हा नानिंगला चौकटी आठवल्या. प्रदर्शनात वाटलेल्या. विलुजेंग मला घेऊन जाकार्ताला गेली. एक साहेब निवृत्त होऊन चौकट घरी घेऊन गेले होते आणि घर बदलताना ती हरवली होती. एकांच्या भिंतीवर ती उन्हात लटकून काळपट पडली होती. एका कार्यालयात मात्र एक तरतरीत कारकून होता. त्याने लगेच कपाटातून काढून दिली. म्हणाला, "मॅडम, मी फार जपून ठेवलाय. खराब होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चिकटवून घेतलंय, गरम करून." विलुजेंग त्याला म्हणाली, आभारी आहे. परत येताना गाडीत तिने ती चौकट मांडीवर धरली होती. मला म्हणाली, "त्याच्यावर रागावू तरी कशी? एवढ्या सगळ्यांत जपला त्या पोरानंच."

राहिला कपाटातला ताव. त्याच्यात नमाजघराची पेटी पुन्हा काही महिने चालली असती. किंवा तो तुकडे करून परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता आला असता, जिथे माझ्याकडे नाहीत अशी यंत्रं आहेत. दोन्ही होण्याइतका तो मोठा नव्हता. आम्ही चौघं तिच्या ओसरीवर बसलो होतो, पुरवोको, नानिंग, ती आणि मी.

नानिंग म्हणाली, "बू, पाठवा. कारण कळलं तर शंभर बनवू. गावाला त्यातच फायदा आहे."

"आणि नाही कळलं तर?"

"कळेल. एवढी मोठी यंत्रं आहेत."

विलुजेंगने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पाठव." अजूनही मला तेच बरोबर वाटतं. पुरवोको चहा आणायला उठले.

ताव कापून पाठवला. उत्तर यायला बराच काळ गेला, आणि आलं ते फार सभ्य होतं. त्यांनी सगळं तपासलं होतं. जुना पापुद्रा आणि नवा पापुद्रा यांच्यात मोजता येईल असा फरक त्यांना आढळला नाही. आणखी नमुना असल्यास आनंदाने पाहू, असं खाली लिहिलं होतं. विलुजेंगने ते वाचलं, मला वाचायला दिलं, आणि म्हणाली, "फरक नाही म्हणतात." मग तासाची घंटा झाली म्हणून ती वर्गावर गेली. मी तिच्या खोलीत बसून राहिले. पलीकडच्या वर्गातून मुलांचं हसणं ऐकू आलं. कनात आणि आहेर चाललं असणार.

त्यानंतर तिने पत्रिकेला कळवायचं ठरवलं, की तो पापुद्रा आता आम्हाला स्वतःलाच बनवता येत नाही. विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. मीही होते.

"कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही."

"कुणी म्हटलंय का, की तुम्ही खोटं छापलंत?"

"नाही."

"मग कशाला हात दाखवून अवलक्षण? तेव्हा तो झाला होता ना? मी स्वतः वास घेतलाय."

"झाला होता, सर. पण कुठेतरी एखादी मुलगी आमचा निबंध वाचून आत्ता सालं उकळत असेल. तिची वर्षं जातील."

प्रमुखांनी तोंड पुसलं. माणूस वाईट नव्हता. "तुमच्या मुलीचं काय?" ते म्हणाले. त्यांना नानिंग म्हणायचं होतं. 

कळवलं. दोन ओळींचं निवेदन छापून आलं. कुणी तिच्यावर आळ घेतला नाही. एवढंच झालं, की पुढचं अनुदान मंजूर झालं नाही आणि त्याचं कारण कुणी दिलं नाही. परदेशी पत्रं यायची थांबली. दरम्यान जगात बॅटऱ्या स्वस्त झाल्या होत्या, तरुण मुलं तिकडे वळत होती. नानिंगच्या प्रबंधातली तांबाकलेगीच्या पापुद्र्यावरची सगळी प्रकरणं बाद झाली. ती विलुजेंगच्या खोलीत येऊन रडली नाही, भांडली. "तुम्ही मला विचारलं नाहीत, बू. माझंही नाव होतं त्याच्यावर."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"नको म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

नानिंग दार न लावता निघून गेली. पुढे तिने बॅटऱ्यांवर नव्याने सुरुवात केली, दुसऱ्या मार्गदर्शकाकडे. आता तैवानमध्ये आहे. ईदला विलुजेंगला फोन करते, बाळाचे फोटो पाठवते, कामाचं बोलत नाही.

तांबाकलेगीतून एकेक घर उठत होतं. नमाजघरातली पेटी बंदच होती. लोक तिच्यावर टोप्या ठेवत. शेवटी तीन-चार घरं राहिली तेव्हा बू तुमिनाहनी मुलीकडे, आत डोंगराकडच्या गावी जायचं ठरवलं आणि निरोप धाडला, की बाई, तुमचं यंत्र घेऊन जा, नाहीतर समुद्र नेईल. आम्ही होडीने गेलो, कारण पूल उरला नव्हता. पुरवोकोही आले. पेटी उचलायला माणूस हवा होता.

नमाजघरात घोट्याएवढं पाणी होतं. पेटी उंच ओट्यावर कोरडी होती. कुणीतरी तिच्यावर रोज फडकं मारत असावं. पुरवोको आणि होडीवाला ती उचलत असताना विलुजेंग एकदम म्हणाली, "बू, माझ्यामुळे तुम्हाला अंधारात बसावं लागलं."

बू तुमिनाहना ते समजलंच नाही. "तुमच्यामुळे? समुद्र काय तुम्ही आणलात?"

"माझ्याकडे एक ताव होता. तो इथे लावायला हवा होता. मी तो कापून पाठवला, कारण शोधायला."

"मग सापडलं कारण?"

"नाही."

"हं," बू तुमिनाह म्हणाल्या.  "लावला असता तर किती चालला असता?"

"काही महिने."

"तेवढ्या महिन्यांत मी गेलेच असते का इथून? नाही. मग पुन्हा अंधारच, वर उगाच सवय झाली असती." मग पुरवोकोंकडे वळून म्हणाल्या, "सांभाळून हो. तुम्हाला सोलायला येतं, उचलायला येत नाही." आणि आम्ही होडीत बसताना त्यांनी विलुजेंगच्या हातात सुक्या कोळंबीची पुडी कोंबली. रिकाम्या हाताने कसं पाठवू, म्हणाल्या.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. होडीवाल्याने एका जागी वल्हं आडवं धरलं आणि खाली बोट दाखवलं. "इथं त्यांची तळी होती." पाणी तपकिरी होतं, खाली काही दिसत नव्हतं. विलुजेंग वाकून बघत राहिली. तिने हात बुडवला, ओंजळभर पाणी घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ती आता बाटली मागणार, नमुना घेणार, आणि मी उद्या तो मोजणार. माझ्या पिशवीत बाटली होतीही. पण तिने पाणी सोडून दिलं आणि हात कमरेच्या सारोंगला पुसला.

ही गोष्ट होऊनही आता बराच काळ लोटला. तिची निवृत्ती जवळ आली आहे. पहिल्या वर्षाचे वर्ग घेते, प्रबंध तपासते. शनिवारी, प्रयोगशाळेत कुणी नसतं तेव्हा, अजून एखादा ताव काढते. बाजारात जी मिळतील त्या सालांचा. एकदा मी तिला विचारलं, आता कशाला?

ती म्हणाली, "मला सारखं वाटतं, की तो आम्ही बनवलाच नव्हता. तो झाला होता. आणि झालेली गोष्ट पुन्हा होऊ शकते की."

"नाही झाली तर?"

"तर नाही झाली."

गेल्या शनिवारी मी तिच्याकडे डोकावले. ताव पाण्यात टाकून ती स्टुलावर बसली होती. आम्ही दोघी बघत होतो. कडा आधी हलल्या, मग मध्यभागी फुगवटा आला. तिने तो चिमट्याने उचलला, टोपलीत टाकला, काचपात्र विसळून पालथं घातलं.

"जेवलीस?" तिने विचारलं.

"नाही."

"चल, सोतोचा रस्सा-भात खाऊ. पुरवोकोंनाही बोलावते, पक्ष्यांचं आवरलं असेल."

आम्ही खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडे गर्दी होती, म्हणून उभ्यानेच वाट बघितली.